पायथन ३.१३ टाकलं आणि हिशोबपट्टी अडली

लातूरच्या मोंढ्यात काकांची आडत आहे. शेतकऱ्याला द्यायची हिशोबपट्टी मीच पायथन या संगणकभाषेत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामवर निघते. ऐन सोयाबीनच्या हंगामात नवा संगणक घेतला, त्यावर पायथन ३.१३ टाकलं आणि सकाळी पहिलीच पट्टी निघेना. बाहेर कट्टे उतरत होते, माणसं उन्हात ताटकळलेली. जीव कासावीस झाला.

लॉग, म्हणजे प्रोग्रामच्या चुकांची नोंद, उघडला तर 'सीजीआय' नावाचं मॉड्यूलच सापडत नव्हतं. मॉड्यूल म्हणजे पायथनसोबत येणारा तयार कोड; माझ्या प्रोग्राममध्ये फॉर्ममध्ये भरलेली माहिती हेच वाचायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीतून सीजीआय, टेलनेटलिब, क्रिप्ट अशी १९ जुनी मॉड्यूल्स काढून टाकली आहेत. ३.११ पासून तशी सूचना दिसायची, मी ती वाचलीच नाही. ही माझी चूक.

त्या दिवसापुरतं पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) 'लेगसी-सीजीआय' हे जुन्या मॉड्यूलची जागा घेणारं पॅकेज टाकलं, कोडला हात न लावता पट्ट्या निघाल्या. पण उसनवारीवर किती दिवस काढणार? रात्री बसून फॉर्म वाचायचं काम पायथनच्याच 'यूआरएललिब' मॉड्यूलमधल्या 'पार्स_क्यूएस' या फंक्शनकडे दिलं. इथे एक गोम आहे: ते रकान्यात भरलेलं प्रत्येक मूल्य यादीत गुंडाळून देतं. वजन ५२ ऐवजी ५२ हे एकच मूल्य असलेली यादी येते, आणि 'फ्लोट'ने तिचा दशांश आकडा करायला गेलं की चूक येते. यादीतला शून्यावा, म्हणजे पहिला, घटक उचलला, की झालं.

रिकामा ठेवलेला रकाना मात्र ते गाळूनच टाकतं. हमालीचा रकाना कधीकधी रिकामा असतो, म्हणून 'कीप_ब्लँक_व्हॅल्यूज' हा रिकामे रकाने राखणारा पर्याय चालू केला आणि रिकाम्या जागी शून्य धरलं.