मेटलसाठी सॉलिड स्टेट अँप: या चुका टाळा, उगाच अँपला शिव्या घालू नका

गिटारवर मेटल वाजवायला लागून चार महिने झाले की कोणीतरी ज्ञान देतंच, सॉलिड स्टेटवर (म्हणजे ट्रान्झिस्टरवाल्या अँपवर) काही होत नाही रे, ट्यूब (काचेच्या व्हॅल्व्हवाला) घे. अरे डाइमबॅग डॅरेलने पँटेरा बँडचा तो करवतीसारखा टोन रँडलच्या सॉलिड स्टेट हेडवर (हेड म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अँप) काढला, आणि डेथ बँडचा चक शुल्डिनर मार्शल व्हॅल्व्हस्टेट वाजवायचा, ज्यात प्रीअँपमध्ये (टोन घडवणारा पहिला भाग) एक छोटीशी ट्यूब आणि पॉवर सेक्शन (आवाज मोठा करणारा भाग) सगळा ट्रान्झिस्टरचा. त्यामुळे टोन बसत नाही म्हणून अँप विकायच्या आधी हे वाचा.

पहिली चूक म्हणजे घरी एकट्याने बसून सेट केलेला टोन. मिड शून्यावर, बेस ट्रेबल फुल, गेन (डिस्टॉर्शन किती ते ठरवणारा नॉब) १० वर, मी पण दोन वर्षं हेच केलंय. खोलीत ते भारी वाटतं कारण आवाज कमी असला की आपल्या कानाला अगदी खालचं आणि अगदी वरचं कमी ऐकू येतं, म्हणून आपण ते वाढवत बसतो. मग बँडसोबत वाजवायला गेलो की गिटार गायब! खालची जागा बेस गिटार आणि किक ड्रमने घेतलेली, वर सिंबल्सचा धिंगाणा, आणि मधली जी जागा आपली होती तिथे आपणच खड्डा खणून ठेवलाय, मग व्हॉल्यूम वाढवतो, बाकीचे पण वाढवतात आणि शेवटी कोणालाच काही कळत नाही. मिड ५-६ वर आणा, बेस ४ च्या आसपास ठेवा, घरी घाण वाटेल, वाटू दे.

गेनचं पण तेच. पाम म्यूट मारा (तळहात तारांवर टेकवून वाजवा) आणि एकदम थांबा, नोट तिथल्या तिथे तुटली पाहिजे, मागे "घूंऽऽ" अशी शेपटी राहिली तर गेन जास्त आहे. नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारं पेडल) लावून ती शेपटी झाकता येते, पण रिफमधला चिखल झाकत नाही. त्यापेक्षा गिटार आणि अँपच्या मध्ये एक ओव्हरड्राइव्ह पेडल लावा, ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल चढवलेली, डिस्टॉर्शनच्या आधीच बेस कापला जातो आणि खाली ट्यून केलेली तार पण टाइट वाजते.

घेताना लोक फक्त वॉट बघतात. ५० चे १०० वॉट झाले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो, आणि तेवढाच फरक ९७ ऐवजी १०० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॉटवर जास्त मोठा वाजणारा) स्पीकर लावला तरी मिळतो. ८ इंची स्पीकरमधून छातीत धडकणारा चग (पाम म्यूटचा जड ठोका) निघणार नाही, कितीही ईक्यू फिरवा, १२ इंची बघा. पण म्हणून वॉट अगदीच कमी नको, ट्यूबचा पॉवर सेक्शन ढकलला की गोड फाटतो, सॉलिड स्टेटचा फाटला की कानाला टोचतो, त्यामुळे ड्रमरसोबत वाजवायचं असेल तर हातात थोडी जागा शिल्लक हवी.

आणि मागची पट्टी वाचा! "१०० वॉट" हे बऱ्याचदा ४ ओमवर असतं, ८ ओमच्या कॅबिनेटला (स्पीकरच्या खोक्याला) त्यातले साठ-सत्तरच पोचतात. लिहिलेल्यापेक्षा जास्त ओम चालतात पण लिहिलेल्या मिनिममच्या खाली जायचं नाही. दोन ८ ओमचे कॅबिनेट पॅरलल लावले की ४ ओम होतात, अँप मिनिमम ८ चा असेल तर ट्रान्झिस्टर तापून मरणार. हेड ते कॅबिनेट गिटारची केबल तर अजिबात नको, ती आतून बारीक असते, स्पीकरचा करंट झेपत नाही.

आता बिघाड. माझा अँप मधेच आवाज सोडायचा, गाण्याच्या मध्यावर एकदम बारीक, वरून एक थाप मारली की परत चालू. एका रिपेअरवाल्याने सांगितलं पॉवर सेक्शन गेलाय, मोठं काम आहे. घरी आणून वैतागून मागे इफेक्ट लूपच्या (प्रीअँप आणि पॉवर सेक्शनच्या मध्ये पेडल जोडायचे दोन जॅक) सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी पॅच केबल लावली, आणि झालं, चकाचक! रिटर्न जॅकच्या आत एक पत्र्याची पट्टी असते, काही लावलेलं नसेल तेव्हा सिग्नल तिच्यावरूनच पुढे जातो, वर्षानुवर्षं लूप वापरलाच नाही की ती काळी पडते. नंतर अँप बंद करून जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, प्लग दहा-पंधरा वेळा आत-बाहेर केला, तेव्हापासून त्रास नाही. नॉब खरखरत असतील तर तोच उपाय.

हाच रिटर्न जॅक बिघाड शोधायला पण कामाचा. पेडलचं आउटपुट सरळ रिटर्नमध्ये लावा, आवाज नीट आला तर पॉवर अँप आणि स्पीकर ठीक, भानगड त्याच्या आधी, प्रीअँपमध्ये किंवा इनपुट जॅकला, तिथे केबल हलून हलून ड्राय सोल्डर होणं (सोल्डरचा जोड सैल होणं) नेहमीचं आहे. आणि ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) पिकअप असतील तर सगळ्यात आधी गिटारमधली ९ व्होल्टची बॅटरी बदला, ती उतरली की टोन असा फाटका येतो की शपथेवर सांगाल अँपच गेला.

अँपमधून हम (सतत घुमणारा आवाज) येत असेल तर गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा, गेला तर दोष पिकअपचा किंवा आजूबाजूच्या लाइट-ट्रान्सफॉर्मरचा. अँपचा मास्टर व्हॉल्यूम शून्यावर असताना पण येतोय आणि अँप जुना आहे, तर फिल्टर कपॅसिटर बघायला द्या. हम घालवायला अर्थची पिन काढणारे लोक बघितलेत, हात जोडतो, करू नका, जीव जाईल.

फ्यूज परत परत उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकायचा नाही. चालू करताच स्पीकरचा कोन एका बाजूला जाऊन तिथेच अडकला तर लगेच बंद करा, आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालाय आणि डीसी सरळ कॉइलमध्ये जातोय, थोडा वेळ जरी राहिला तरी स्पीकर पण जळेल. स्वतः उघडू नका, प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

सेकंडहँड घेत असाल तर आपली गिटार घेऊन जा, पाच मिनिटांत "मस्त आहे" म्हणू नका, अर्धा तास मोठ्या आवाजात चालवा, कारण तापल्यावर बंद पडणारे अँप थंड असताना एकदम शहाण्यासारखे वागतात.