आधी मिस्त्री, मग गाडी: चाळिशीनंतर जुनी स्पोर्ट्स कार घेताना

सोलापुरात राहून जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची असेल, तर जाहिराती चाळण्याआधी एक काम करावे. आपल्याला हव्या असलेल्या गाडीवर ज्याचा हात बसला आहे, असा मिस्त्री गावात आहे का, याचा शोध घ्यावा. पुण्यामुंबईत राहणाऱ्याने हा क्रम उलटा ठेवला तरी त्याचे निभावते, कारण तिथे प्रत्येक कंपनीच्या गाडीसाठी जाणकार गॅरेज सापडते. आपल्याकडून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, आणि गिअरबॉक्सने मोहोळजवळ मान टाकली तर गाडी उचलून नेण्याचे भाडे, पुण्याच्या खेपा आणि दहा-दहा दिवसांची वाट हे सारे गाडीच्या किमतीतच धरावे लागते. मी ४९ व्या वर्षी फोक्सवॅगनची जुनी पोलो जीटी घेतली, तेव्हा गाडी ठरवायला एक आठवडा लागला आणि मिस्त्री ठरवायला अडीच महिने. तो वेळ सत्कारणी लागला, हे आज तीन वर्षांनी खात्रीने सांगतो.

मिस्त्री पारखायचा असेल तर कामाच्या दिवशी त्याच्या गॅरेजवर तासभर थांबावे. टर्बो इंजिनाच्या, म्हणजे हवा दाबून भरून ताकद वाढवलेल्या इंजिनाच्या, गाड्या त्याच्याकडे किती येतात, त्याचा स्कॅनर केवळ बिघाडाचे कोड वाचतो की गिअरबॉक्सचे तापमान आणि क्लचची झीजही दाखवतो, इंजिन ऑईल तो कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच घालतो की हाताशी असेल ते ओततो, आणि सुटे भाग कुठून मागवतो, एवढ्या गोष्टी कळल्या की पुरे. ‘बघू, होऊन जाईल’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘हे काम माझ्याकडे होत नाही, पुण्याला पाठवावे लागेल’ असे स्पष्ट सांगणारा अधिक भरवशाचा समजावा. गाडी पाहायला त्याला सोबत न्यावे आणि त्याच्या दिवसाचे पैसे न मागता द्यावेत.

स्पोर्ट्स कार म्हटले की दोन आसनांची, बुटकी, छत उघडणारी गाडी डोळ्यांसमोर येते. तशा गाड्यांपैकी माझदा एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड४ किंवा मर्सिडीज एसएलके जुन्या बाजारात आटोक्यातल्या भावात दिसतात खऱ्या, परंतु गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही, आणि पहिल्या मोठ्या दुरुस्तीतच हे ध्यानात येते. म्हणून मध्यमवर्गीय माणसाने जोमदार इंजिनाच्या हॅचबॅक आणि सेडान गाड्यांकडे वळावे, असे माझे मत आहे. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये १.२ लिटरचे १०५ पीएसचे (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे माप) टर्बो इंजिन आणि सात गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक गिअरपेटी, घेऊन आली. २०२० मध्ये तिच्या जागी १.० लिटरचे ११० पीएसचे इंजिन आणि टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा, सहा गिअरचा ऑटोमॅटिक आला. २०२२ मध्ये पोलोचे उत्पादन थांबले असले, तरी ती चाकणला बनत होती आणि तिचे बरेच भाग फोक्सवॅगन व्हेंटो व स्कोडा रॅपिड या गाड्यांशी जुळतात, त्यामुळे सामान मिळते. फियाटची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली. १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, हाताने टाकायचे गिअर आणि स्टेअरिंगचा तो भरीव स्पर्श, चालवणाऱ्याला याहून अधिक आनंद देणारी गाडी या भावात दुसरी नाही. मात्र फियाटने येथील गाड्यांची विक्री बंद केली आहे, आणि तिच्या एखाद्या भागासाठी महिनाभर थांबण्याची तयारी असणाऱ्यानेच तिच्या वाटेला जावे. मारुतीची बलेनो आरएस, २०१७ ते २०२० या काळातली, लोकांनी फारशी मनावर घेतली नाही. सोलापूरसाठी मला ती फार समजूतदार निवड वाटते, कारण मारुतीचे वर्कशॉप घराजवळ असते आणि त्याच घराण्यातले १.० लिटर बूस्टरजेट टर्बो इंजिन पुढे २०२३ मध्ये मारुतीच्याच फ्रॉन्क्सलाही बसवले गेले. टाटाच्या टियागोची जेटीपी ही वेगवान आवृत्ती दिसली तर पाहावी. मुले मोठी असून मागच्या आसनाची गरज असेल, तर १.८ लिटरचे १६० पीएसचे इंजिन आणि सहा गिअरची मॅन्युअल पेटी असलेली स्कोडा लॉरा व्हीआरएस शोधावी.

डीएसजीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण २०२० आधीच्या पोलो जीटी टीएसआयचे मोल या एका भागावर ठरते. सात गिअरच्या या पेटीत दोन कोरडे क्लच असतात आणि मेकॅट्रॉनिक नावाचा एक भाग ते आळीपाळीने जोडतो व सोडतो. क्लच तेलात बुडालेले नसल्यामुळे मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या वाहतुकीत ते तापतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांपुढे जाणाऱ्या आपल्या गावात हा ताण अधिकच वाढतो. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना गाडी थरथरणे, थांबत असताना मागून ढकलल्यासारखा धक्का बसणे, रिव्हर्स टाकल्यावर गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी उभी राहणे, डॅशबोर्डवर गिअरचा आकडा लुकलुकणे, यांपैकी एकही खूण दिसली तर किंमत कितीही कमी सांगितली तरी व्यवहार करू नये. मेकॅट्रॉनिक आणि क्लच दोन्ही बदलायची वेळ आली, तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

या वयात गाडीइतकेच स्वतःलाही तपासावे लागते. बुटक्या गाडीत बसणे सोपे असते, उतरणे अवघड. म्हणून पाहायला गेल्यावर पाच वेळा बसून पाच वेळा उतरावे आणि गुडघा किंवा कंबर काय म्हणते ते ऐकावे. कडक क्लचची गाडी असेल तर सोलापुरातले पार्क चौपाटी ते सात रस्ता एवढे अंतर संध्याकाळच्या गर्दीत चालवावे, डावा पाय तिथेच खरे सांगतो. चाळिशी लागली असेल तर मीटरवरचे आकडे चष्म्याच्या कोणत्या भागातून दिसतात, हे पाहावे, आणि समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपत असतील तर नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन मगच वेगवान गाडीचा विचार करावा. आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. जुन्या नियमांनुसार काढलेल्या परवान्याची मुदत २० वर्षांनी किंवा वयाच्या ५० व्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा संपते, आणि चाळिशी ओलांडलेल्यांना नूतनीकरणासाठी फॉर्म १-ए वर डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. मुदत संपलेल्या परवान्यावर गाडी चालवताना अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकतो.

पैशांचा हिशेब घरात सर्वांसमोर मांडावा. सहा लाख रुपये बाजूला काढले असतील, तर गाडी साडेचार लाखांपर्यंतचीच पाहावी आणि उरलेले दीड लाख पहिल्या वर्षाच्या टायर, ब्रेक, सस्पेन्शन, विमा आणि नाव चढवण्याच्या खर्चासाठी राखून ठेवावेत. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजदर नव्या गाडीहून अधिक पडतो. मुलांची फी किंवा घराचे हप्ते चालू असताना हौसेच्या गाडीसाठी कर्ज काढू नये, असे मी मनापासून सांगतो. माझ्या पत्नीने हीच एक अट घातली होती आणि तिच्यामुळेच गाडीचा आनंद आजवर निर्भेळ राहिला.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नका, असे मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवावे. गेल्यावर प्रथम बॉनेटवर तळहात ठेवावा. तो कोमट लागला, तर काहीतरी झाकायचे आहे, असे समजून अधिक सावध व्हावे. गार इंजिन सुरू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत इंजिनाच्या आतल्या साखळीचा खडखडाट येतो का, मागून निळसर धूर निघतो का, हे पाहावे. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे आणि टर्बोच्या गाडीत ते टर्बोच्या सीलमधूनही येत असू शकते. मग गाडीखाली वाकून चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचे ऑईलचे भांडे, पाहावे. आपल्याकडच्या गतिरोधकांवर बुटक्या गाड्यांचे चेंबर हमखास घासते, आणि एखाद्याने चिरलेले चेंबर एम-सील लावून तसेच विकायला काढलेले असते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी सहा वर्षांपुढच्या टायरचे रबर कडक झालेले असते आणि वेगवान गाडीला तो चालवून घेऊ नये.

मुंबईच्या खाऱ्या हवेतल्या गाडीला खालून गंज असतो. आपल्या कोरड्या हवेतली गाडी खालून स्वच्छ निघते, पण तिचे रबरी पाइप, बुश आणि दरवाज्यांची रबरे उन्हाने तडकलेली असतात. गंजापेक्षा रबर बदलणे पुष्कळ स्वस्त पडते.

माझी स्वतःची एक चूक येथे नोंदवतो. आत्ताची गाडी घेण्याआधी पुण्यातल्या एका विक्रेत्याकडची लाल पोलो मला फोटोंवरूनच आवडली होती, भाव बाजारापेक्षा चाळीस हजारांनी कमी होता, आणि दुसरे गिऱ्हाईक येते आहे असे सांगितल्यामुळे मी दहा हजार रुपये टोकन फोनवरूनच पाठवले. प्रत्यक्ष गाडी आरशासारखी चकचकीत होती. मी स्टेअरिंग धरून बसलो असताना माझा मिस्त्री शांतपणे म्हणाला, “सर, पट्टा पार शेवटपर्यंत ओढा की.” सीट बेल्ट ओढत नेला, तेव्हा शेवटच्या वीतभर भागाचा रंग एकदम बदलला. तिथे मातीची एक सरळ रेघ होती, आणि तिच्यावरून बोट फिरवल्यावर बारीक तपकिरी भुकटी निघाली. स्टेपनी उचलली तर जॅकच्या आट्यांवर गंज चढलेला होता. गाडी पुरात बुडालेली होती. विक्रेता ‘धुताना पाणी गेले असेल’ एवढेच म्हणत राहिला, आणि माझे टोकन मला आजपर्यंत परत मिळालेले नाही. त्यामुळे गाडी डोळ्यांनी पाहून, मिस्त्रीच्या हाताखालून घालून, लेखी इसारपावती मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

ट्रायल किमान चाळीस मिनिटांची घ्यावी आणि ती दोन भागांत घ्यावी. पहिला भाग भर दुपारी, एसी पूर्ण लावून, शहरातल्या गर्दीत. तापमानाचा काटा मध्यावरून हलता कामा नये. दुसरा भाग मोकळ्या रस्त्यावर. मी तुळजापूरचा रस्ता सुचवतो, कारण तिथे सरळ पट्टाही आहे आणि शेवटी घाटही, ज्यात टर्बोचा जोर आणि ब्रेकचा दम दोन्ही कळतात. चौपदरी महामार्गावरील १०० च्या मर्यादेत राहूनही हवे ते सारे समजते. स्टेअरिंग थरथरते का, हात सैल केल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, उतारावर पाय उचलून पुन्हा दाबल्यावर धूर येतो का, एवढेच पाहायचे असते. परतल्यावर मिस्त्रीला पुन्हा स्कॅनर लावायला सांगावे, कारण ट्रायलपूर्वी पुसून टाकलेले बिघाडाचे कोड गाडी फिरल्यावर परत उमटू शकतात. इंजिनाचा संगणक बदलून ताकद वाढवलेली गाडी, किंवा मोठा सायलेन्सर बसवलेली गाडी, शक्यतो टाळावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे फेरफार करू देत नाही, आणि वाढीव ताकदीचा भार ज्या क्लचने वाहिलेला असतो तो पुढे आपल्यालाच बदलावा लागतो.

कागदांच्या बाबतीत एमएच पासिंगची गाडी घ्यावी, यावर मी ठाम आहे. दिल्लीत १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात येतात, परंतु परराज्यातील गाडी येथे १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायची तर नव्याने नोंदणी करून रस्ता कर भरावा लागतो. पुण्याची एमएच-१२ गाडी घेतली तर नंबर तोच राहतो. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नंबर टाकून नोंदणीची मुदत, विमा आणि बँकेचा बोजा तपासावा, आणि थकलेली ई-चलने विक्रेत्याकडून व्यवहाराआधीच भरून घ्यावीत. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० यांवर मालकाच्या सह्या आपल्यासमोर घ्याव्यात. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, आणि बोजा असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५ लागतो. मालकाच्या ऐवजी त्याचा मेहुणा किंवा मित्र व्यवहार करत असेल, तर मूळ मालकाशी बोलणे होईपर्यंत थांबावे. गाडी ताब्यात आल्यावर १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी, कारण आपल्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप आपल्याकडे येत नाही. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबरच जातो, त्यामुळे हप्त्यातील तेवढा फरक हिशेबात धरावा.

गाडी घरी आली की आधीच्या मालकाने कालच सर्व्हिसिंग केले असे सांगितले तरी इंजिन ऑईल, कूलंट, ब्रेक ऑईल, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग एकदा बदलून घ्यावेत आणि त्या दिवसाचे किलोमीटर एका वहीत लिहून ठेवावेत. लांब पल्ल्यावरून आल्यावर टर्बोचे इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावे. पहिल्या हजार किलोमीटरांत दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, डिपस्टिक काढून ऑईलची पातळी पाहावी आणि तीही वहीत लिहावी. महिन्याभरात ती किती उतरली, यावरून पुढच्या वर्षी किती पैसे बाजूला ठेवायचे, हे मिस्त्री आपल्याला अचूक सांगू शकेल.