अपील फेटाळले, पण कशावर?

वकिलीच्या पहिल्या वर्षी एका दिवाणी अपिलाचा आदेश पक्षकाराला समजावून सांगण्याचे काम सिनिअरांनी माझ्यावर सोपवले. उच्च न्यायालयाने अपील फेटाळले होते. मी पक्षकाराला सांगून मोकळा झालो, की खालच्या न्यायालयाचा निकाल उच्च न्यायालयानेही योग्य ठरवला आहे. सिनिअरांनी आदेश माझ्यापुढे सरकवून एवढेच विचारले, ‘असे कुठे लिहिले आहे?’ सहा ओळींच्या त्या आदेशात पुराव्याबद्दल चकार शब्द नव्हता. पुकारा झाला तेव्हा अपीलकारातर्फे कोणीही हजर नव्हते, इतकीच नोंद होती.

नव्या वकिलांनी इथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41 (संहितेतील अपिलांविषयीचा भाग) मधील नियम 17 नीट वाचावा. अपीलकार गैरहजर असेल तर न्यायालय अपील काढून टाकू शकते, मात्र 1976 च्या दुरुस्तीने जोडलेल्या स्पष्टीकरणानुसार अशा वेळी गुणदोषांवर निर्णय देण्याचा अधिकारच त्याला उरत नाही. कलम 2(2) प्रमाणे असा आदेश हुकूमनामा (डिक्री, म्हणजे पक्षकारांचे हक्क ठरवणारा निर्णय) ठरत नसल्याने त्यावर वरच्या अपिलाची तयारी करत बसू नये. नियम 19 खाली अपील पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज द्यावा आणि गैरहजेरीचे पुरेसे कारण दाखवावे. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 122 नुसार त्यासाठी अपील फेटाळल्यापासून 30 दिवस मिळतात.

मुदतबाह्य म्हणून फेटाळलेले अपील ही निराळी गोष्ट आहे. हुकूमनाम्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत 90 दिवसांची असून प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेला काळ मुदत कायद्याच्याच कलम 12 मुळे वगळला जातो. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी त्याच कायद्याचे कलम 3 न्यायालयाला मुदत पाहायला लावते, त्यामुळे कलम 5 खालच्या विलंबमाफीच्या अर्जात ‘अपरिहार्य कारणास्तव’ असे मोघम लिहून भागत नाही. (माझे पहिले दोन मसुदे याच शब्दांमुळे परत आले.)

दोषसिद्धीविरुद्धच्या फौजदारी अपिलाला मात्र हा मार्ग बंद आहे: वकील आला नाही म्हणून ते काढून टाकता येत नाही, अभिलेख पाहूनच निर्णय द्यावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये बनी सिंग प्रकरणात स्पष्ट केले.

त्या पक्षकाराला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावून चूक कबूल केली. 30 पैकी 11 दिवस उरले होते. त्याच संध्याकाळी अर्जाला जोडायचे शपथपत्र लिहायला घेतले.