बारा व्होल्टला घरातली वायर चालत नाही

करवीर, शिरोळकडं मळ्यातल्या गोठ्यात सोलर बॅटरीवर दिवे लावताना घरातली उरलेली १ स्क्वेअर एमएमची वायर ओढतात. इथंच चुकतं. ६० वॉटला २३० व्होल्टवर पाव अँपिअर लागतो, १२ व्होल्टवर तब्बल ५ अँपिअर.

करंट जास्त तेवढे वायरीत जास्त व्होल्ट वाया जातात, त्यालाच घट म्हणतात. वायर किती स्क्वेअर एमएमची हवी त्याचा हिशोब असा: ०.०१८ (तांब्याच्या रोधाचा आकडा) × जाण्यायेण्याची मिळून लांबी (मीटर) × अँपिअर, भागिले चालणारी घट. १२ व्होल्टला घट ०.६ व्होल्टच्या आत ठेवा. बॅटरीपासून दिवे १५ मीटरवर असतील तर लांबी ३० धरायची. परतीची तार विसरणं ही नेहमीची चूक. ०.०१८ × ३० × ५ ÷ ०.६ = ४.५. म्हणजे तांब्याची ६ स्क्वेअर एमएम वायर घ्या. १ च्या वायरीत २.७ व्होल्ट वाटेतच जातात. अंतर जास्त असेल तर आमच्या मते २४ व्होल्टची सिस्टीमच बरी, दिवेही २४ व्होल्टचे हवेत, तिथं याच १५ मीटरला (२.५ अँपिअर, घट १.२ व्होल्टच्या आत) १.५ ची वायर पुरते.

दिवे बंद ठेवून मीटर लावलात तर शेवटच्या टोकालाही पूर्ण व्होल्टेज दिसेल, कारण करंटच वाहत नसतो. दिवे पेटवून दोन्ही टोकांना मोजा.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात ७.५ अँपिअरचा फ्यूज हवाच. गोठ्यातल्या दमट हवेत पिळून टेप मारलेला सांधा हिरवा पडतो आणि तापतो. लग (तारेच्या टोकाला बसणारं धातूचं टोपण) दाबून बसवा, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.