हुकमी डाव की नुरा कुस्ती : लांबलेली थरारमालिका तपासायची कशी

कुस्ती बघणाऱ्या कोल्हापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. पैलवानाचा हुकमी डाव अख्ख्या मैदानाला ठाऊक असतो, समोरच्या गड्यालाही ठाऊक असतो, आणि तरी तो बसला की खासबागेत टोप्या उडतात. तोच डाव नुरा कुस्तीत बसला तर माणसं धूळ झटकून चालू लागतात. पहिल्या वेळी पैलवान हरूही शकला असता, दुसऱ्या वेळी ते आधीच ठरलं होतं.

वीस-पंचवीस पुस्तकांच्या साहसमालिकेबद्दल "आता तेच तेच यायला लागलंय" असं वाचक म्हणतात तेव्हा बोट बहुधा भलत्याच जागी असतं. तेच तेच पहिल्यापासून येतच असतं. व्लादिमिर प्रॉप या रशियन अभ्यासकांनी १९२८ साली रशियन परीकथा उसवून बघितल्या, तर सगळ्या मिळून ३१ टप्पे निघाले. उंबेर्तो एको या इटालियन लेखक-अभ्यासकांनी इयान फ्लेमिंग यांच्या जेम्स बाँडवर साठच्या दशकात हाच प्रयोग केला. वरिष्ठ कामगिरी देतो, खलनायक समोर येतो, नायक पकडला जातो, त्याचा छळ होतो, तो सुटतो, अशा नऊ चाली त्यांनी मांडल्या आणि दाखवलं की बुद्धिबळासारखा क्रम इकडचा तिकडे होतो, पण चाली त्याच. लेस्टर डेंट या अमेरिकी लेखकाने तर ६,००० शब्दांच्या कथेचे १,५०० शब्दांचे चार तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यात नायकाच्या डोक्यावर नवी आपत्ती कशी टाकायची याचा नुस्खाच लिहून ठेवला होता. पुनरावृत्ती हाच गुन्हा धरला तर हे सगळे पहिल्याच दिवशी बाद.

म्हणून ठरलेल्या गोष्टींची नायकाला अजून काही किंमत मोजावी लागते का, ते तपासायचं. खालची रीत त्यासाठी आहे. एकट्याने करता येते. सहा-आठ जणांच्या वाचनकट्ट्याला जास्त सोयीची.

पुस्तकं निवडताना

शंभरपानी वही, पेन्सिल आणि साध्या कागदाच्या अर्धा इंच रुंद पट्ट्या एवढं सामान पुरतं. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर चिकटपट्टीच्या खुणा लावू नका. जुन्या कागदावरची शाईसुद्धा त्या उचलतात. पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला कट्ट्यावर चहा नाही.

आधी मालिकेची यादी मूळ प्रकाशनाच्या क्रमाने करा. अनुवादात इथेच घोळ होतो. मराठी प्रकाशक गाजलेलं सातवं पुस्तक आधी आणतो, पहिलं चार वर्षांनी. मग वाचक म्हणतो, "हे आधीच्यासारखंच आहे", आणि प्रत्यक्षात ते आधीचंच असतं. मूळ वर्ष मुद्रणतपशिलाच्या पानावर मिळतं, शीर्षकपानाच्या मागे. सहलेखक असेल तर त्याचं नावही तिथेच टिपून घ्या, कारण मुखपृष्ठावर ते बारीक अक्षरात असतं आणि कधी कधी नसतंच. डॉक सॅव्हेज या साहसवीराचे १९३३ ते १९४९ या काळात १८१ अंक निघाले. जवळपास सगळ्यांवर केनेथ रोबसन हे एकच नाव छापलेलं असे. ते प्रकाशकाने ठरवलेलं टोपणनाव होतं, आणि बहुतेक अंक डेंट यांचे असले तरी सगळे नव्हेत. असा बदल ध्यानात न घेता "लेखक थकला" म्हणणं म्हणजे पैलवान बदललाय हे न बघता कुस्तीवर बोलणं.

यादीतून पाच पुस्तकं घ्या : पहिलं, तिसरं, बरोबर मधलं, सहलेखक आल्यानंतरचं पहिलं आणि सगळ्यांत नवं. सहलेखक नसेल तर चौथ्या जागी शेवटून तिसरं. पहिल्या पुस्तकात लेखकाने आयुष्यभराचं साठवलेलं ओतलेलं असतं, म्हणून मालिकेची खरी घडण तिसऱ्यात दिसते.

करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासून चालत आलेल्या ग्रंथालयात किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात एखाद्या मालिकेचे विखुरलेले भाग मिळतात, पण पाचही हवे तेच मिळतील असं नाही. एक भाग मागे-पुढे झाला तर बिघडत नाही, पहिला आणि नवा मात्र हवाच. ग्रंथालयाच्या प्रतीत मागच्या पुठ्ठ्याला तारखांच्या शिक्क्यांचा कागद चिकटवलेला असतो. तो जरूर बघा. पहिल्या चार भागांचे कागद भरलेले आणि सातव्यावर तीनच शिक्के असतील तर वाचक कुठे उतरले ते कळतं. मात्र देवघेव संगणकावर सुरू झाल्यानंतर आलेल्या प्रतींचे कागद कोरेच राहतात. त्यावरून निष्कर्ष काढू नका.

वाचायचा क्रम

सलग पाच वाचू नका. ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. पाच दिवस लागोपाठ तांबडा रस्सा ओरपला तर सहाव्या दिवशी दोष रश्श्याचा नसतो. दोन भागांत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा, मध्ये दुसरं काहीतरी वाचा. म्हणजे दीड-दोन महिने धरून चाला, पावसाळा सोयीचा. आधी पहिलं, लगेच पुढे सगळ्यांत नवं, मग उरलेली तीन क्रमाने. दोन टोकं ताजी असली की मधला उतार कुठून लागला ते नीट दिसतं.

पहिलं पुस्तक पंधराव्या वर्षी वाचलेलं असेल तर ते आता पुन्हा वाचायलाच हवं. आठवणीतल्या पुस्तकाशी नव्या पुस्तकाची तुलना केली तर नवं हरणारच.

तक्ता

वहीच्या जोडपानावर उभे पाच रकाने पाडा, प्रत्येक पुस्तकाला एक. आडव्या ओळींत घटना लिहा : पहिला मृत्यू, कामगिरी मिळणं, खलनायकाची पहिली समोरासमोर भेट, नायक पकडला जाणं, सुटका, जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा दुखापत, आपल्यातला कुणीतरी फितूर निघणं, शेवटच्या चकमकीची सुरुवात.

घटनेपुढे पानाचा आकडा लिहू नका, टक्का लिहा. समजा पुस्तक ३७२ पानांचं आहे, कथा पान ९ ला सुरू होते आणि ३५६ ला संपते. पुढे आभार आणि पुढच्या भागाचं नमुना प्रकरण आहे. म्हणजे कथेची पानं ३४८. नायक पान ७८ वर पहिल्यांदा खलनायकाला भेटला, तर ७८ वजा ८ म्हणजे ७०, भागिले ३४८, म्हणजे २० टक्के. ई-पुस्तकात टक्का आयता दिसतो, पण तो नमुना प्रकरणासकट धरलेला असतो, म्हणून कथेचा शेवट, समजा, ९४ टक्क्यांवर दिसतो. त्या आकड्याने भागून घ्या.

पाचपैकी चार पुस्तकांत एकच घटना ३ टक्क्यांच्या आत-बाहेर आली, म्हणजे साधारण दहा पानांच्या फरकाने, तर तिथे साचा आहे असं धरा. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार किंवा काळापहाड या नायकांची तशी छोटी पुस्तकं तपासत असाल तर ३ टक्के म्हणजे जेमतेम तीन पानं होतात; तिथे मोकळीक ५ टक्क्यांची ठेवा.

एवढ्याने मालिका दोषी ठरत नाही. तक्ता फक्त डाव कुठला ते सांगतो.

किंमतीचा रकाना

खरं काम इथे आहे, त्यामुळे वेळ इथेच घालवा. नायक जितक्या वेळा अडकतो आणि सुटतो, तितक्या नोंदी करा आणि प्रत्येकीला ० ते २ गुण द्या. काहीच गेलं नाही तर ०. त्याच प्रकरणापुरतं दुखलं-खुपलं तर १. गमावलेल्या गोष्टीमुळे पुढचा एखादा निर्णय बदलला तर २. उदाहरणार्थ, झटापटीत नायकाचा खांदा निखळला आणि चाळीस पानांनी तो त्याच हाताने हेलिकॉप्टरच्या दोराला लटकतोय : हा १, तोही उदार मनाने. खांद्यामुळे दोर धरता येत नाही, म्हणून तो लांबच्या वाटेने जातो, उशीर होतो, आणि साक्षीदार हातचा जातो : हे २. मेलेला माणूस त्याच पुस्तकात शेवटी जिवंत निघाला तर वजा १.

मेलेला माणूस परत आणणं नेहमीच फसतं असं नाही. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यावर संपवलं आणि १९०३ मध्ये परत आणलं. मधल्या दहा वर्षांत वाचकाने ती उणीव खरोखर भोगली होती. हल्ली वीस पानांत माणूस परत येतो.

सगळे गुण मिळवून सुटकांच्या संख्येने भागा. सरासरी १.२ च्या वर असेल तर साचा असूनही कुस्ती खरी आहे. ०.६ च्या खाली गेली तर नुरा. मधल्या आकड्यांवर वाद घाला, कट्टा त्यासाठीच असतो. पहिल्या पुस्तकात १.५, मधल्यात १, नव्यात ०.४ असा उतार दिसला तर वाचकांची तक्रार रास्त आहे. पहिल्यापासूनच ०.५ असेल तर मालिका बिघडलेली नाही; आपण मोठे झालोय.

याच्याच शेजारी सुटका कशाने झाली ते लिहा. बुटातलं पातं, ओळखीचा वैमानिक, अचानक आलेलं वादळ, जे असेल ते. ती गोष्ट निदान तीस पानं आधी वाचकाला दिसली होती का? योगायोगाने नायक संकटात पडला तर चालतं. योगायोगाने सुटला तर शून्य, मग दृश्य कितीही रंगलेलं असो.

प्रकरणांचे शेवट

प्रत्येक पुस्तकाच्या मध्यातली सलग दहा प्रकरणं घ्या. शेवटच्या चार ओळी वाचा आणि खूण करा : धोका, लपवलेली माहिती, निर्णय किंवा शांत. मग पुढच्या प्रकरणाचं पहिलं पान बघा. धोका खरा निघाला की दारावरची टकटक शेजाऱ्याची होती?

दहापैकी आठ शेवट धोक्याचे आणि त्यातले निम्मे खोटे, ही थकलेल्या मालिकेची पक्की खूण. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. पावसाळ्यात अख्खं शहर तो आकडा विचारतं, कारण पाणी चढलं की खरंच घरात शिरतं. प्रत्येक प्रकरणाअखेर पाणी ४३ फुटांवर आणि सकाळी अंगण कोरडं असेल, तर आकडा विचारणार कोण?

खूण वेगळी, साचा वेगळा

क्लाइव्ह कसलर यांच्या डर्क पिट या साहसवीराच्या मालिकेत सुरुवातीला इतिहासातला प्रसंग येतो, जुन्या दुर्मीळ मोटारी येतात आणि मधूनच कसलर नावाचं पात्र नायकाला मदत करून जातं. मालिका १९७३ पासूनची. या गोष्टींची वाचक वाट बघतात, त्या मालिकेच्या खुणा आहेत. पारख सोपी : ती गोष्ट आली नाही तर चुकल्यासारखं वाटतं की सुटल्यासारखं? चुकल्यासारखं वाटलं तर खूण, तक्त्यात धरू नका. याच मालिकेत २००१ च्या पुस्तकाच्या शेवटी पिटसमोर त्याची वयात आलेली जुळी मुलं येऊन उभी राहतात, आणि २००४ पासून लेखकाचा मुलगा सहलेखक होतो. नायकाचं वय वाढू देणं हा किंमत परत आणायचा एक रस्ता. तो पुढे किती जमला, ते किंमतीचा रकाना भरून बघा.

कट्ट्यावर

दीड तास, जास्तीत जास्त आठ जण. बोलायच्या आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर आपली सरासरी आणि एक पान क्रमांक लिहून घडी करायची. नाहीतर पहिला जण "पार रटाळ राव" म्हणतो आणि आवडलेले चौघे गप्प बसतात. बोलायला सुरुवात मालिका सगळ्यांत जास्त आवडणाऱ्याने करावी. "लय भारी" म्हणणाऱ्याला आणि "पाणचट" म्हणणाऱ्याला प्रश्न एकच : कुठलं पान? ज्यांना साचाच हवा असतो, रात्रीच्या पुण्याच्या गाडीत डोक्याला ताप नको म्हणून, त्यांचं मत कमी दर्जाचं धरू नका. त्यांनाही नुरा कळते, फक्त ते उशिरा उठतात.

मत लिहायचं तर साडेतीनशे शब्द पुष्कळ. कोणती पाच पुस्तकं वाचली, मूळ भाषेत की अनुवादात, हे पहिल्या दोन ओळींत सांगा. पहिल्या २५ टक्क्यांपुढचं काही फोडायचं असेल तर आधी तशी सूचना द्या. संवाद सपाट वाटले तर दोष अनुवादाचाही असू शकतो. घटनांचा क्रम आणि किंमत अनुवादात बदलत नाही, म्हणून मत त्यावर बेतलेलं बरं.

नवा भाग आला की

पूर्ण तक्ता पुन्हा करायची गरज नाही. पहिले १५ टक्के वाचा, पुस्तक मिटा आणि पाच अंदाज लिहा : फितूर कोण, कोण मरणार, नायक कुठे अडकणार, कशाने सुटणार, खलनायकाचा शेवट कसा. कागद पाकिटात घालून पाकीट बंद करा. शेवटी उघडून बघा. तीनपर्यंत बरोबर आले तर सराईत वाचकाचं ते नेहमीचं आहे. चार-पाच आले तर पुढचा भाग विकत न घेता ग्रंथालयातून आणा. आणि पाकीट पुस्तकात विसरून परत करू नका. पुढच्या वाचकाला फितूर कोण ते पहिल्याच पानावर कळेल.