होमर पाखरं परत येत नाहीत? ढाबळीतल्या या चुका टाळा

बाजारातून होमरची, म्हणजे लांब नेऊन सोडलं तरी घरी परतणाऱ्या कबुतरांची, उडती जोडी आणायची, आठवडाभर कोंडून दाणे घालायचे आणि रविवारी माडीवरून सोडायची. सोमवारी ती जोडी ज्याच्याकडून आणली त्याच्याच ढाबळीत, म्हणजे कबुतरांच्या खुराड्यात, दाणे टिपत असते. पाखराचं काही चुकलेलं नाही, ते आपल्या घरी गेलं. उडून सरावलेलं होमर महिनोन् महिने कोंडलं तरी जुनं घर विसरेलच असं नाही. म्हणून विकत आणलेली जोडी अंडी-पिल्लांसाठी जाळीतच ठेवावी आणि उडवावीत ती तिची पिल्लं. अंडं १७-१८ दिवसांत फुटतं. नंबराची बंद कडी पिल्लाच्या पायात पाचव्या ते आठव्या दिवसात घालावी, पुढे पंजा तिच्यातून जात नाही. २८-३० दिवसांनी पिल्लू स्वतः दाणे टिपू लागलं की वेगळ्या खणात हलवावं.

ढाबळ

आपल्या बेळगावकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. खानापूर, चंदगडच्या बाजूला तर जुलैत भिंतीही पाझरतात. तरीही ढाबळीचं तोंड पश्चिमेला असलेलं सर्रास दिसतं, कारण गच्चीवर तीच बाजू मोकळी असते. तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला हवं. ओल राहिली की विष्ठा वाळत नाही, आणि ओल्या विष्ठेतूनच हगवण पसरते.

८ फूट लांब, ६ फूट रुंद, ७ फूट उंच ढाबळीत २० ते २४ पाखरं पुरे. तिथे ४० कोंबली की कोपऱ्यावरून मारामाऱ्या होतात आणि हरलेलं पाखरू एक दिवस बाहेरच राहतं. जमीन दोन फूट उचललेली असावी, जाळी अर्ध्या इंचाची. कोंबड्यांची मोठ्या भोकांची जाळी लावली तर उंदीर आत आलाच, आणि उंदरामागून धामण. पत्र्याखाली फळ्यांचं किंवा बांबूच्या तट्ट्याचं छत घालून मध्ये हवा खेळती ठेवावी. एप्रिल-मेमध्ये नुसत्या पत्र्याखाली पिल्लं होरपळतात.

आलं, पण आत शिरत नाही

सगळ्यात जास्त तक्रार हीच. पाखरू वेळेवर येतं, शेजारच्या कौलांवर बसतं, पंख साफ करतं, खाली हलणाऱ्या दाण्यांच्या डब्याकडे मान तिरकी करून बघतं आणि बसूनच राहतं. त्याची गळ्याखालची दाण्यांची पिशवी हाताने चाचपायला मिळाली तर कारण लगेच कळेल: ती भरलेली असते. सकाळी पोटभर चारून सोडलेल्या पाखराला घाई कसली? शर्यतीत वेळ धरतात ती पाखरू आत आल्यावर, कौलावर उतरल्यावर नाही.

मोठ्या पाखराला दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणे लागतात. सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यातले दोन तृतीयांश द्यावेत, सकाळी फक्त पाणी. बाकीचे दाणे परतल्यावर, आतच. एक किलो मिश्रणाला मका ३०० ग्रॅम, जोंधळा ३००, वाटाणा आणि मसूर मिळून ३००, करडई १००. बुरसलेला मका स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

दुसरं कारण दाराचं. तारा फक्त आत झुलतात असं दार लावतात, दोन तारांत दीड-दोन इंच अंतर. पिल्लाला ते एकदम दाखवलं की ते बिचकतं. आधी चार दिवस तारा वर बांधून ठेवाव्यात, मग अर्ध्या सोडाव्यात, मग सगळ्या. दाराबाहेरच्या फळीवर जाळीचा पिंजरा बसवून पिल्लांना रोज तासभर तिथे बसू द्यावं, म्हणजे आजूबाजूची कौलं, टाकी, झाडं नजरेत बसतात. प्रत्येक वेळी दाणे घालताना तोच डबा, तोच आवाज. घरातला दुसरा कुणी वेगळ्या डब्यात दाणे खुळखुळवू लागला की पाखरं गोंधळतात.

लांब नेऊन सोडताना

पहिली मोकळीक संध्याकाळी, उपाशीपोटी, १५-२० मिनिटं. पिल्लं थव्याने तासभर घिरट्या घालू लागली, साधारण तीन महिन्यांची झाली, की बुट्टीत घालून बाहेर न्यावं. दोन किलोमीटर, मग पाच. बेळगाव शहरातल्या ढाबळीसाठी उत्तरेची महामार्गाची बाजू सोयीची: काकती, पुढे हत्तरगी, मग संकेश्वर. संकेश्वर सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटर आहे. काकतीवरून दोन-तीनदा नीट आल्याशिवाय हत्तरगी नको. निपाणीला पाहुणे जाणार आहेत म्हणून नवखी पिल्लं त्यांच्या गाडीत देणं म्हणजे ती दान केल्यासारखंच. पूर्वेला बैलहोंगलची मोकळी काळवट रानंही चांगली. खानापूरकडचं जंगल आणि धुकं सगळ्यात शेवटी, तेही कोरड्या हिवाळ्यात.

सूर्य दिसत असताना, धुकं विरल्यावर सोडावं. होमर सूर्यावरूनही दिशा काढतं, त्यामुळे गच्च आभाळात नवखं पाखरू भरकटतं. शांत हवेत सरावलेलं पाखरू तासाला ६०-७० किलोमीटर कापतं. हत्तरगीहून पाऊण तासात आलं तर ठीक, दोन तास लागले तर वाटेत उतरलं किंवा शिकरा या शिकारी पक्ष्याने पिटाळलं असं समजावं. हिवाळ्यात ससाणेही येतात, म्हणून रोज त्याच वेळी, त्याच जागी सोडू नये.

मान पिरगाळलेलं, दाणा टिपताना चुकणारं पाखरू दिसलं तर त्याच दिवशी वेगळं ठेवावं आणि पशुवैद्यकाला दाखवावं. तोवर थवा सोडू नये. विष्ठा खरवडताना तोंडाला मास्क हवा, ती धूळ माणसाच्या फुप्फुसाला बाधते.

दोन दिवसांनी परतलेल्या पाखरावर ओरडून उपयोग नाही. पाण्यात चिमूटभर मीठ-साखर घालून द्यावं, दाणे थोडे थोडे, आणि पंखाखाली तारेची जखम आहे का पाहावं. आठवडाभर ढाबळीवरच फिरू द्यावं. पुन्हा न्यायचं ते काकतीपासून.