क्यूटीमध्ये खिडकी मोठी केली की बाजूची पट्टीही फुगते? हे करा

क्यूटी ही प्रोग्रामच्या खिडक्या बनवण्याची लायब्ररी; तिचा क्यू-स्प्लिटर खिडकीचे भाग ओढता येणाऱ्या दांडीने (हँडल) वेगळे करतो. समजा, त्यात डावीकडे फाइलींची यादी, उजवीकडे एडिटर. खिडकी ताणली की यादीही रुंदावते आणि एडिटरची जागा खाते.

१. आधी दोन्ही विजेट (यादी आणि एडिटर) स्प्लिटरमध्ये घाला. त्याआधी दिलेला स्ट्रेच फॅक्टर (वाढीव जागेतला वाटा) काहीच करत नाही, एररही येत नाही.
२. सेट-स्ट्रेच-फॅक्टर (०, ०) आणि (१, १) द्या; पहिला आकडा विजेटचा क्रमांक (शून्यापासून), दुसरा त्याचा वाटा. आता वाढीव जागा एडिटरलाच मिळते.
३. यादीला किमान रुंदी १६० पिक्सेल आणि सेट-कोलॅप्सिबल (०, फॉल्स) द्या. नुसती किमान रुंदी पुरत नाही, कारण हँडल आणखी ओढलं की पट्टी थेट शून्यावर मिटते आणि वापरणाऱ्याला ती हरवल्यासारखी वाटते.
४. खिडकी बंद होताना सेव्ह-स्टेटने दिलेले स्प्लिटरच्या स्थितीचे बाइट क्यू-सेटिंग्जमध्ये (क्यूटीची सेटिंग साठवण्याची सोय) ठेवा, सुरू होताना रिस्टोअर-स्टेट करा. त्याने फॉल्स परत दिलं, म्हणजे जुनी स्थिती लागू झाली नाही, तरच सेट-साइझेस (२२०, ७८०) ने दोन्ही भागांची रुंदी ठरवा.

एक जपा: सेव्ह-स्टेट रुंदीबरोबर हँडलची जाडी आणि दिशाही साठवते. नव्या आवृत्तीत हँडल ६ पिक्सेल केलं, तरी जुन्या वापरकर्त्यांकडे जुनीच जाडी परत येते. म्हणून सेट-हँडल-विड्थ रिस्टोअरनंतर लिहा.